जिवंत पानातील प्रकाशऊर्जेच्या साठवणीचे अक्षत मापन

हिरव्या पानाने शोषलेल्या प्रकाशऊर्जेस तीनच वाटा मोकळ्या असतात. काही भाग रासायनिक रूपाने साठविला जातो, काही उष्णता होऊन निसटतो आणि अगदी अल्पसा भाग पान तांबड्या प्रकाशाच्या रूपाने तत्क्षणी परत टाकते. या शेवटच्या क्रियेस येथे अनुस्फुरण म्हटले आहे. ज्यांच्या कानांस फ्लुओरेसन्स हा शब्द सवयीचा असेल त्यांनी तोच समजावा. साठविलेला भाग किती, हा प्रश्न विचारावयास सोपा आहे. परंतु साठवण ही कोणत्याही उपकरणास सरळ दिसत नाही. दिसते ते जे साठविले गेले नाही ते. तेव्हा पानास न कापता, न वाटता, न शिजविता केलेले तिचे मापन म्हणजे वस्तुतः एक वजाबाकी होय, आणि ती कोणत्या आकड्यातून करावयाची यावर सर्व काही अवलंबून असते.

अशा हिशेबात एखादे गृहीत चुकल्यास काय होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी क्लोरेला या शैवालावर दाबमापकाच्या साहाय्याने प्रयोग केले आणि ऑक्सिजनचा एक रेणू मुक्त होण्यास सुमारे ४ प्रकाशपुंज पुरतात असा निष्कर्ष काढला. त्यांचेच शिष्य रॉबर्ट इमर्सन यांनी पुढे १९४० च्या सुमारास तेच मापन पुन्हा केले, तेव्हा ही संख्या ८ हून कमी येईना. हा फरक किरकोळ नव्हे. ६८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक मोल प्रकाशपुंजांत सुमारे १७६ किलोजूल ऊर्जा असते आणि एक मोल कार्बन डायॉक्साइडचे कर्बोदकात रूपांतर होताना सुमारे ४७० किलोजूल साठतात. म्हणजे ४ पुंज मानल्यास साठवण दोनतृतीयांश ठरते. ८ मानल्यास एकतृतीयांश. प्रकाश पडताच आरंभी कार्बन डायॉक्साइडचा एक लोट बाहेर येतो व दाबमापक त्यास ऑक्सिजन समजतो, हे इमर्सन यांनी दाखविले. वारबुर्ग यांनी ते अखेरपर्यंत मान्य केले नाही. इमर्सन १९५९ साली विमान अपघातात निवर्तले. पुढील संशोधनाने कौल त्यांच्या बाजूने दिला.

शैवाल पाण्यात कालविता येते, पान येत नाही. पानासाठी जी पद्धती प्रथम हाती आली ती अनुस्फुरणाची. अंधारात ठेवलेल्या पानावर एकाएकी प्रकाश टाकला असता त्याची तांबडी झळाळी प्रथम चढते व नंतर काही मिनिटांत उतरते, असे हान्स काउट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ साली नोंदविले. त्यांनी ती झळाळी नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती. रासायनिक कार्य जोरात असता झळाळी मंद होते, ते अडले की वाढते. उलरिख श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली सिद्ध केलेल्या उपकरणात मापनाचा क्षीण प्रकाश स्पंदरूपाने टाकला जातो आणि त्या स्पंदांना मिळालेला प्रतिसाद तेवढा वेचला जातो. त्यामुळे भर उन्हात शेतातही हे मापन करता येते. निरोगी पानात दुसऱ्या प्रकाशप्रणालीची कमाल कार्यक्षमता सुमारे ०.८३ भरते.

येथेच विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. ०.८३ म्हणजे शेकडा ८३ ऊर्जा साठली असे नव्हे. ही पुंजांची मोजदाद आहे, ऊर्जेची नव्हे. त्या प्रणालीकडे आलेल्या शंभरांपैकी त्र्याऐंशी पुंज कामी लागले, इतकेच तिच्यावरून कळते. कामी लागलेल्या प्रत्येक पुंजाची बरीचशी ऊर्जा पुढील पायऱ्यांवर उष्णता होऊन जातच असते. शिवाय पहिल्या प्रकाशप्रणालीचे कार्य या झळाळीत जवळजवळ उमटत नाही.

मग ती उष्णताच का मोजू नये? पानाचे तापमान घेऊन हे साधत नाही, कारण वारा व बाष्पोत्सर्जन ते सतत बदलत असतात. मार्ग सापडला तो आवाजात. खंडित प्रकाश पदार्थावर पडला की त्यातून ध्वनी निघतो, हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस १८८० सालीच आढळले होते. प्रकाश पडतो तेव्हा पदार्थ तापतो, थांबतो तेव्हा निवतो. लगतची हवा त्या तालावर प्रसरण व आकुंचन पावते. बंद पेटीत पान ठेवून आत नाजूक मायक्रोफोन बसविल्यास पानातून निसटणारी उष्णता अशा रीतीने अक्षरशः ऐकता येते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील श्मुएल माल्किन व डेव्हिड काहेन यांनी १९७९ साली प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने या परिणामाची उपपत्ती मांडली आणि १९८२ साली सहकाऱ्यांसह अखंड पानांवरील मापने प्रसिद्ध केली.

या पद्धतीतील खरी खुबी वजाबाकीच्या मूळ आकड्यात आहे. खंडित प्रकाशाबरोबर पानावर एक अतिशय प्रखर पण अखंड प्रकाश सोडला जातो. तो अखंड असल्यामुळे स्वतः ध्वनी उत्पन्न करीत नाही. मात्र पानाची सर्व रासायनिक केंद्रे तो गुंतवून ठेवतो. आता खंडित प्रकाशाची ऊर्जा साठण्यास जागाच उरत नाही, ती जवळजवळ सर्व उष्णता होते आणि आवाज वाढतो. प्रखर प्रकाशातील आवाज १०० मानला आणि त्याविना तो ७० भरला, तर साठवण शेकडा ३०. पान किती जाड, किती प्रकाश शोषला, मायक्रोफोन किती तीक्ष्ण, हे सर्व दोन्ही आकड्यांत सारखेच असल्याने भागाकारात नाहीसे होते. पान स्वतःच स्वतःचे माप बनते. दाबमापकाच्या वादात नेमकी हीच सोय नव्हती.

तथापि ध्वनीत आणखी एक सूर मिसळलेला असतो. पानातून सुटणारा ऑक्सिजनही पेटीतील दाब त्याच तालावर वाढवितो. सुदैवाने पाण्यात ऑक्सिजनचा प्रसार उष्णतेच्या मानाने सुमारे सत्तर पटींनी मंद आहे. प्रकाश सेकंदास ३००-४०० वेळा खंडित केला की ऑक्सिजनचा ताल पेशीतून बाहेर येईपर्यंत पुसून जातो आणि केवळ उष्णता उरते. २० वेळा खंडित केल्यास दोन्ही ऐकू येतात, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडते: प्रखर प्रकाश सोडताच आवाज वाढण्याऐवजी घटतो, कारण ऑक्सिजनचा मोठा वाटा त्यातून गळतो. हे ठाऊक नसलेला संशोधक साठवण ऋण आली म्हणून उपकरणास दोष देत बसेल. वारंवारतेबरोबर खोलीही बदलते. उष्णतेचा ताल १०० हर्ट्झला सुमारे २१ मायक्रोमीटर खोलीवरून पोहोचतो, ४०० हर्ट्झला जेमतेम १०. त्यामुळे वरच्या वारंवारतेत ऐकू येते ते पानाच्या वरच्या थराचेच.

‘अक्षत’ हे विशेषणही जपून वापरावे. मंगलकार्यातील तांदळांमुळे परिचित असलेला हा शब्द मूळचा ‘न दुखावलेले’ या अर्थाचा. परंतु नेहमीच्या पेटीत पान बसविण्यासाठी त्याची चकती कापावी लागते. पानास झाडावरच ठेवून त्याच्याच पृष्ठाने पेटीचे तोंड बंद करण्याची रचना निघाली, तेव्हा कोठे हे विशेषण सार्थ झाले.

ही साठवण किती काळाची, हेही आकड्यासोबत सांगितले पाहिजे. ४०० हर्ट्झला जी ऊर्जा मिलिसेकंदाच्या आत उष्णता झाली नाही तिला साठलेली म्हणावयाचे. ती पुढे शर्करेत पोहोचेल की वाटेतच निसटेल, हे मायक्रोफोनास कळत नाही. पिकाच्या हंगामाचा हिशेब वेगळ्या आधारावर होतो. झू, लाँग व ऑर्ट यांनी २००८ साली केलेल्या गणितानुसार एकूण सूर्यप्रकाशापैकी गहू-भातासारख्या पिकांत जास्तीत जास्त शेकडा ४.६ आणि मका, ज्वारी, ऊस यांच्या वर्गात शेकडा ६ इतकीच ऊर्जा वनस्पतिद्रव्यात उतरू शकते. पेटीतील शेकडा ३० आणि शेतातील शेकडा ६ यांत विरोध नाही. पहिला आकडा शोषलेल्या प्रकाशाचा व क्षणाचा आहे, दुसरा पडलेल्या सर्व उन्हाचा व श्वसन वजा जाता उरलेला.