गृहनूतनीकरण कंत्राट

गृहनूतनीकरण कंत्राट : राहत्या घराची दुरुस्ती, अंतर्गत फेररचना व सजावट ही कामे ठरलेल्या मोबदल्यात आणि ठरलेल्या मुदतीत करून देण्याविषयी घरमालक व कंत्राटदार यांच्यात होणारा करार. गिलावा, फरशी, जलरोधन, नळकाम, वीजकाम, सुतारकाम आणि रंगकाम या बाबी त्यात सामान्यतः येतात. नव्या बांधकामाच्या कंत्राटाहून हे कंत्राट दोन बाबतींत भिन्न असते. एक तर काम आधीच उभ्या असलेल्या, आणि शहरांत बहुधा इतरांचीही वस्ती असलेल्या, इमारतीत करावयाचे असते. दुसरे असे, की जुनी फरशी उखडल्याशिवाय किंवा भिंत फोडल्याशिवाय आतील नळ, तारा व सळया यांची स्थिती कळत नाही. त्यामुळे कामाचे परिमाण आरंभी पूर्णपणे निश्चित करता येत नाही. शिवाय कंत्राटदार हे काम नित्य करीत असतो, तर घरमालकावर असा प्रसंग आयुष्यात एकदोनदाच येतो. माहितीतील ही विषमता लेखी करार, मोजमाप व टप्प्याटप्प्याने देयके या तीन साधनांनी बऱ्याच अंशी दूर करता येते.

पूर्वपीठिका : पूर्वी घरदुरुस्तीची कामे मालक स्वतःच्या देखरेखीखाली करून घेत असे. गवंडी, सुतार व बिगारी यांना रोजंदारीवर लावावयाचे आणि चुना, विटा, लाकूड इ. माल स्वतः आणावयाचा, अशी पद्धत होती. कोकणात पावसाळ्यापूर्वी कौलारू घर शाकारण्याचे काम प्रतिवर्षी होई. काँक्रीटच्या बहुमजली इमारती, भिंतीत दडविलेले नळ व वीजतारा आणि नोकरदार घरमालकाचा मर्यादित वेळ यांमुळे अनेक कारागिरांची सांगड घालणाऱ्या कंत्राटदाराची गरज निर्माण झाली. त्यास ठेकेदार, मक्तेदार व मराठवाड्यात गुत्तेदार असेही म्हणतात. कंत्राटदार स्वतः सर्व कामे करीत नाही. नळकाम, रंगकाम इ. कामे तो पोटकंत्राटदारांकडून करून घेतो. अशा वेळी कामाच्या दर्जाची जबाबदारी मूळ कंत्राटदाराचीच राहील, हे करारात स्पष्ट असणे आवश्यक असते.

कंत्राटाचे प्रकार : (१) ठोक कंत्राट : यात संपूर्ण कामाची एकच रक्कम ठरते. खर्च आधी कळतो. पण कामाचे वर्णन अपुरे असल्यास प्रत्येक गोष्ट ‘जादा काम’ ठरण्याचा संभव असतो. (२) बाबवार दराचे कंत्राट : प्रत्येक बाबीचा दर ठरतो व प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे देयक होते. परिमाण अनिश्चित असलेल्या नूतनीकरणास हा प्रकार अधिक अनुरूप आहे. (३) मजुरी कंत्राट : माल मालक पुरवितो व कंत्राटदार केवळ मजुरी घेतो. मालाच्या दर्जावर मालकाचे नियंत्रण राहते. परंतु माल वेळेवर न आल्यास होणाऱ्या खोळंब्याचा व नासाडीचा भार त्याच्यावर पडतो. (४) खर्चाधिक टक्केवारीचे कंत्राट : प्रत्यक्ष खर्चावर ठराविक टक्केवारी दिली जाते. खर्च वाढला की कंत्राटदाराची प्राप्तीही वाढत असल्याने काटकसरीस उत्तेजन राहत नाही. हिशोब तपासण्याची सोय असेल, तरच हा प्रकार स्वीकारणे इष्ट.

कंत्राटदाराची निवड : निवडीपूर्वी मालकाने कामाची बाबवार यादी तयार करावी, किंवा वास्तुविशारदाकडून करून घ्यावी. तीत प्रत्येक बाबीचे वर्णन, अंदाजे परिमाण, मालाची प्रत आणि जाडी यांचा उल्लेख असावा. ‘चांगल्या प्रतीचे प्लायवूड’ या शब्दांना व्यवहारात काही अर्थ नसतो. भारतीय मानक ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे, तर भारतीय मानक ७१० हे सागरी प्रतीच्या प्लायवूडचे आहे. मानक क्रमांक व जाडी लिहिल्यास वादास जागा राहत नाही. ही एकच यादी दोनतीन कंत्राटदारांना देऊन दर मागविले, तरच त्यांची तुलना होऊ शकते. वेगवेगळ्या गृहीतांवर आधारलेल्या ठोक रकमांची तुलना निरर्थक ठरते. सर्वांत कमी रकमेच्या दरपत्रकात जुने काम तोडणे, राडारोडा हलविणे, पाड बांधणे यांसारख्या बाबी गाळलेल्या तर नाहीत ना, हे पाहावे लागते. कंत्राटदाराने दोनतीन वर्षांपूर्वी केलेली कामे पाहणे हे नुकतीच पूर्ण केलेली कामे पाहण्यापेक्षा उपयुक्त असते. कारण जलरोधनाची खरी परीक्षा पावसाळे उलटल्यावरच होते. वीजकाम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घेणे आवश्यक असते.

मोजमाप : बाबवार कंत्राटात बहुतेक तंटे दराविषयी नसून मोजमापाविषयी असतात. उदा., ३·५ मी. × ३ मी. लांबीरुंदीच्या व २·८ मी. उंचीच्या खोलीतील भिंतींचे एकूण क्षेत्रफळ ३६·४० चौ. मी. भरते. तीत ०·९ मी. × २·१ मी.चे एक दार व १·२ मी. × १·२ मी.ची एक खिडकी असल्यास या उघड्या भागांचे क्षेत्रफळ ३·३३ चौ. मी. होते. ते वजा केले वा न केले, यावर देयकात सु. ९ टक्क्यांचा फरक पडतो. बांधकामाच्या मोजमापाची पद्धत भारतीय मानक १२०० मध्ये दिलेली आहे. तीनुसार भिंतीच्या दोन्ही बाजूंस सारखाच गिलावा असल्यास ०·५ चौ. मी.पर्यंतच्या उघड्या भागासाठी वजावट करीत नाहीत. ०·५ ते ३ चौ. मी.पर्यंतच्या भागासाठी एकाच बाजूची वजावट करतात. त्याहून मोठ्या भागासाठी दोन्ही बाजूंची वजावट करून कडांचे क्षेत्रफळ मिळवितात. हे मानक लागू राहील, एवढे एक वाक्य करारात असले, तरी पुढील बराच वाद टळतो. महाराष्ट्रात प्रचलित असलेले ‘ब्रास’ हे परिमाण क्षेत्रफळासाठी १०० चौ. फूट व घनफळासाठी १०० घ. फूट असे दुहेरी अर्थाने वापरले जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. कपाटांसारख्या सुतारकामात दर दर्शनी क्षेत्रफळावर आहे की धावत्या फुटावर आहे, आणि आतील कप्पे व खण त्यात अंतर्भूत आहेत किंवा नाहीत, हे नमूद करावे लागते.

देयके : पैसा कामाच्या पुढे जाऊ नये आणि काम पैशाच्या फार पुढे जाऊ नये, हे देयकांचे मूलतत्त्व होय. मोठी उचल दिलेल्या मालकाच्या हाती कंत्राटदाराने काम सोडल्यास काहीच उरत नाही. उलट, देयके थकल्यास मजुरांची मजुरी व मालाची उधारी यांचा भार कंत्राटदारावर पडतो आणि पुष्कळदा कामाचा दर्जा घसरण्याचे तेच कारण असते. म्हणून देयके दिनांकाशी न जोडता पूर्ण झालेल्या टप्प्यांशी जोडणे उभयपक्षी हिताचे असते. उदा., ४ लक्ष रुपयांच्या कामात आरंभी १० टक्के. तोडकाम, दडविलेले नळ व वीजनळ्या यांची चाचणी झाल्यावर २० टक्के. जलरोधन व गिलावा झाल्यावर २० टक्के. फरशीकामानंतर २० टक्के. सुतारकामानंतर १५ टक्के. रंगकाम होऊन ताबा मिळाल्यावर १० टक्के, आणि उरलेले ५ टक्के, म्हणजे २०,००० रु., दोषनिवारणाच्या मुदतीअखेर, अशी विभागणी करता येते. ही मुदत निदान एक पावसाळा सामावणारी असावी. रकमा बँकेमार्फत देऊन पावत्या जपून ठेवाव्यात.

जादा काम व बदल : नूतनीकरणात बदल अटळ असतात. काही बदल फोडलेल्या भिंतीत सापडलेल्या गंजलेल्या नळामुळे करावे लागतात, तर काही मालकाच्या बदललेल्या आवडीमुळे. दोहोंचा खर्च सामान्यतः मालकासच सोसावा लागतो; पण तो किती, हे काम करण्यापूर्वी ठरले पाहिजे. प्रत्येक बदलाचे वर्णन, दर व मुदतीवर होणारा परिणाम यांची नोंद करून तीवर दोघांच्या सह्या घेण्याची प्रथा हितावह आहे. तोंडी सांगितलेल्या बदलांचा हिशोब अंतिम देयकाच्या वेळी मांडला गेला, म्हणजे दोन्ही पक्षांना आपली फसवणूक झाल्याची भावना होते.

इमारतीची सुरक्षितता : नूतनीकरणाचा हा सर्वांत महत्त्वाचा पैलू असून येथे कंत्राटदाराचा शब्द पुरेसा मानता येत नाही. जुन्या भारवाही इमारतींत भिंतीच वरच्या मजल्यांचा भार वाहतात. त्यामुळे आतील भिंत काढणे धोक्याचे असते. प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतींत भार स्तंभ व तुळया वाहतात. त्यांना छिद्रे पाडणे, त्यांचे काँक्रीट छिलणे वा सळया कापणे सर्वथा वर्ज्य आहे. नळांसाठी भारवाही भिंतीत खाचा पाडताना उभ्या खाचेची खोली भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून व आडव्या खाचेची एकषष्ठांशाहून अधिक नसावी, असा दंडक आहे. वाढीव भाराचाही विचार करावा लागतो. निवासी खोलीची जमीन सामान्यतः दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. चल भार गृहीत धरून अभिकल्पित केलेली असते. जुनी फरशी न काढता तीवर मसाल्यासह सु. ५ सेंमी. जाडीचा नवा थर घातल्यास दर चौ. मी.ला १०० किग्रॅ.हून अधिक कायमचा भार वाढतो. खाली तुळई नसलेल्या जागी ११·५ सेंमी. जाडीची व २·८ मी. उंचीची विटांची भिंत बांधल्यास दर धावत्या मीटरला सु. ६०० किग्रॅ. भार पडतो. म्हणून असे कोणतेही फेरबदल संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय करू नयेत. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चालू असलेल्या फेरबदलांत स्तंभांना हानी पोहोचविल्याचा आरोप त्या वेळी झाला. एका गाळ्यातील कामाचा परिणाम संपूर्ण इमारतीवर कसा होऊ शकतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

परवानग्या : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार केवळ अंतर्भागापुरती मर्यादित असलेली देखभालीची व सुधारणेची कामे सामान्यतः विकास परवानगीतून वगळलेली आहेत. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार फेरबदलांची सूचना महानगरपालिकेस द्यावी लागते. तथापि गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ व स्वच्छतासाधने यांची दुरुस्ती इ. किरकोळ कामांना त्यातून सूट आहे. याच अधिनियमानुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदास फेरबदलांपूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी लागते. आदर्श उपविधींनुसार न्हाणीघर, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च सभासदाचा, तर गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च संस्थेचा असतो.

देखरेख व चाचण्या : जी कामे पुढे झाकली जातात, त्यांची तपासणी ती झाकण्यापूर्वीच करावी लागते. नळ भिंतीत बुजविण्यापूर्वी दाबाखाली पाणी भरून त्यांचे सांधे तपासतात. न्हाणीघराच्या जलरोधनानंतर जमिनीवर किमान २४ ते ४८ तास पाणी साठवून खालच्या मजल्याच्या छताला ओल येते काय, हे पाहतात. त्यानंतरच फरशी बसवितात. सिमेंटचा गिलावा किमान सात दिवस ओला ठेवावा लागतो. घाईने वाळलेल्या गिलाव्यास तडे जातात आणि ओलसर भिंतीवर लावलेला रंग पापुद्रे धरून सुटतो. कामाची मुदत ठरविताना हा काळ हिशेबात धरला पाहिजे. गच्ची व बाह्य भिंतींची कामे पावसाळ्यापूर्वी पूर्ण करणे श्रेयस्कर असते.

तंटे व त्यांचे निवारण : भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे तोंडी करारही वैध असतो, अडचण तो सिद्ध करण्याची असते. करारभंग झाल्यास कलम ७३ अन्वये प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. विलंबासाठी दररोजची ठराविक रक्कम करारात ठरविली असली, तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा समजली जाते व तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. केलेल्या कामाचा मोबदला थकल्यास कंत्राटदारास तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेत १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा समावेश झाला. २०१९ च्या अधिनियमातही तो कायम आहे. सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला ५० लक्ष रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे दाखल होते. या सर्व उपायांची परिणामकारकता सह्या केलेला करार, मोजमापाच्या नोंदी, पावत्या व कामाची दिनांकासह छायाचित्रे यांवर अवलंबून असते. काम पूर्ण झाल्यावर दडविलेले नळ व वीजतारा यांचे मार्ग दाखविणारा आराखडा आणि साहित्याची हमीपत्रे कंत्राटदाराकडून मागून घ्यावीत. पुढील दुरुस्तीच्या वेळी भिंत कोठे फोडावयाची, हे त्यांवरूनच कळते.