रकान्याची ओळख

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा परिसरातील जाणता शेतकरी पहाणीचा उतारा हाती येताच आकड्यांआधी रकान्यांचे मथळे पाहतो. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेने २००० च्या सुमारास हे उतारे संगणकावर आणले. संगणकाकडूनही हीच दक्षता करवून घ्यावी लागते. माहितीकोशाला प्रश्न केला असता उत्तरासोबत प्रत्येक रकान्याची ओळखही येते: नाव, प्रकार, लांबी, तो रिकामा चालेल की नाही. पीएचपी भाषेतील ‘मायएसक्यूएलआय फेच फील्ड’ ही आज्ञा ती एकेक करून पुढे ठेवते व रकाने संपताच नकार देते. ही विचारपूस टाळून ‘२४/२’ हा भूमापन क्रमांक पूर्णांक मानला, तर केवळ २४ उरतात. धाकट्या भावाचा पोटहिस्सा कागदावरून नाहीसा होतो. म्हणून आधी रकाना ओळखावा, मग मजकूर वाचावा.