यंत्रासाठी चिठ्ठी

जून महिना उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांपुढे किती गर्दी होते! समजा, त्या गर्दीत तुम्ही धाकट्या भावाला चिठ्ठी देऊन पाठवले. चिठ्ठीत लिहिले होते, "आठवीचे गणित द्यावे." दुकानदार लगेच विचारील, "मराठी माध्यमाचे की सेमी इंग्रजीचे? पाठ्यपुस्तक की गाइड?" चिठ्ठी अपुरी होती, पण दुकानदाराने प्रश्न विचारून ती पुरी करून घेतली.

आता अशी कल्पना करा की, दुकानात माणसाऐवजी एक यंत्र बसले आहे आणि ते काही न विचारता अंदाजाने एक पुस्तक बांधून देते. मग काय होईल?

ही कल्पना आता अगदीच कल्पना राहिलेली नाही. संगणकावर असे सहायक आले आहेत. त्यांना 'एआय एजंट' म्हणतात. एजंट म्हणजे आपल्या वतीने काम करणारा. तो नुसते उत्तर देऊन थांबत नाही. कामाचे लहान लहान भाग पाडतो, दुसऱ्या आज्ञावल्या वापरतो आणि काम तडीस नेण्याचा प्रयत्न करतो.

त्याला वापराव्या लागणाऱ्या आज्ञावल्यांपैकी एक म्हणजे कामाची आखणी ठेवणारी आज्ञावली. अशी आखणी ही काही नवी गोष्ट नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. कोणते काम केव्हा सुरू होणार, केव्हा संपणार, हे त्यांवरून एका नजरेत कळे. आज तोच तक्ता संगणकावर असतो.

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुमच्या वर्गाने आपल्या गावच्या पाणचक्कीची प्रतिकृती करायचे ठरवले. चाक बनवणे, नळ जोडणे, पाणी सोडून पाहणे, माहितीचा तक्ता रंगवणे अशी चार कामे झाली. प्रत्येकाचे एक कार्ड: कोण करणार, केव्हापर्यंत, कोणत्या कामानंतर. चाक झाल्यावाचून पाणी सोडून पाहता येणार नाही, हे उघडच आहे. ही कार्डे सांभाळायचे काम तुम्ही एजंटकडे सोपवले. पण ती आज्ञावली कशी वापरावी, हे त्याला सांगणार कोण? त्यासाठी लिहावी लागते वापर-पुस्तिका. एजंटची चिठ्ठी म्हणा ना!

या चिठ्ठीत काय काय हवे?

पहिली गोष्ट, प्रत्येक आज्ञेचा नेमका अर्थ. 'कार्ड बंद करा' म्हणजे काम पुरे झाले, रद्द झाले की नुसते नजरेआड केले?

दुसरी, माहिती कशी द्यायची ते. '०५/०६/२०२६' ही तारीख आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेत ६ मे! म्हणूनच १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवून दिला आहे.

तिसरी, चूक झाली तर काय करायचे ते. 'चूक झाली' एवढ्याने भागत नाही. 'या नावाचे दोन विद्यार्थी आहेत, हजेरी क्रमांक द्या' असे उत्तर मिळाले, तर एजंट पुढचे पाऊल बरोबर टाकील.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. जे काम उलटवता येत नाही, ते करण्यापूर्वी माणसाला विचारावे. कार्ड कायमचे पुसले की गेले!

तुम्ही म्हणाल, इतका शहाणा एजंट, त्याला एवढेही कळू नये? त्याचे कारण असे. ही यंत्रे प्रचंड लेखन तपासून 'पुढे काय येण्याचा संभव जास्त' हे शिकलेली असतात. चिठ्ठीत जागा रिकामी राहिली, की ती पुष्कळदा संभवनीय गोष्टीने भरली जाते. संभवनीय गोष्ट खरी असेलच असे नाही. 'शंका आल्यास विचार' असे स्पष्ट लिहिले, तर तो विचारण्याची शक्यता वाढते. पुस्तिका फार लांबवूनही चालत नाही, कारण एजंटला एका वेळी ठरावीक मर्यादेपर्यंतचाच मजकूर विचारात घेता येतो.

अर्धवट चिठ्ठी किती महाग पडते, याचे उदाहरण पाहा. अमेरिकेने १९९८ च्या डिसेंबरात मंगळाकडे एक यान सोडले. पृथ्वीवरील एक आज्ञावली रेट्याचे आकडे पौंडांच्या मापात देत होती. घेणारी मात्र ते न्यूटनच्या मापात धरत होती. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक! २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि कायमचे हरपले. तेव्हा एजंट नव्हते; पण दोन आज्ञावल्यांमधला गैरसमज मात्र हाच.

एजंट आणि आज्ञावल्या एकमेकांना कशा जोडाव्यात, यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. तीतही प्रत्येक आज्ञेसोबत तिचे वर्णन देता येते. ते लिहिण्याची जबाबदारी अखेर आज्ञावली करणाऱ्याचीच.

करून पाहा: 'लिंबाचे सरबत करणे' या कामाची चिठ्ठी लिहा. मित्राला सांगा, चिठ्ठीत आहे तेवढेच कर, मनाने काही करू नकोस. लिंबू कापायचे लिहायला तुम्ही विसरलात का? तो जेथे अडेल, तेथे खूण करा आणि चिठ्ठी पुन्हा लिहा. किती वेळा लिहावी लागली, ते मोजून पाहा बरे!