२.९ मोठे की २.१०?

दशांश अपूर्णांक शिकलेला विद्यार्थी लगेच उत्तर देईल, २.९. पण हे संगणकाच्या आज्ञावलीचे आवृत्तिक्रमांक असतील, तर २.१० मोठे, कारण ती नंतरची आवृत्ती. येथील टिंब दशांशचिन्ह नाही. पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा, दुसरा किरकोळ बदलांचा, तिसरा दुरुस्त्यांचा. संकेत असा, की दुसरा आकडा वाढला तर नव्या सोयी आल्या, पण जुने काही मोडले नाही. पहिला वाढला तर जुने मोडू शकते.

हा संकेत कितपत भरवशाचा? एक उदाहरण पाहू. डोळखांबला गिरणीवर दळणाचा डबा ठेवून आपण बाजार उरकायला जातो. डब्यापाशी मुलाला बसवतो, “दळण झाले की सांगायला ये!” जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतही वेळखाऊ काम असेच सोपवतात आणि सोबत एक ‘निरोप्या’ देतात. अशी अनेक कामे ओळीने किंवा एकाच वेळी करवून घेण्यासाठी ‘एसिंक’ हा तयार संच वापरतात.

२०१७ साली त्याची २.३.० आवृत्ती आली. त्याच सुमारास भाषेत नव्या प्रकारची फलने रुजत होती. त्यांना निरोप्या लागत नाही. ती उत्तराची जणू चिठ्ठी हाती देतात. एसिंक आता ही फलने ओळखू लागले. म्हणजे नवी सोय आली, म्हणून दुसरा आकडा वाढला. पण चिठ्ठी मिळते म्हटल्यावर एसिंकने अशा फलनांना निरोप्या देणे बंद केले! एखाद्याने २.२ वापरताना नव्या फलनात निरोप्यावर भिस्त ठेवली असेल, तर २.३ वर त्याचा कार्यक्रम अडला. त्याने एक अक्षरही बदलले नव्हते.

मग जुन्याच आवृत्तीवर थांबावे का? तेही धोक्याचे. २०२२ मधील २.६.४ मध्ये सुरक्षेचे एक भगदाड बुजवले गेले. जुन्यावर थांबलेल्यांकडे ते उघडेच राहिले.

वाट मधली आहे. आवृत्तीसोबतची बदलांची यादी वाचावी. मग तीच माहिती दोन्ही आवृत्त्यांना देऊन उत्तरे ताडून पाहावीत. प्रयोगशाळेत एकच घटक बदलून आपण निरीक्षण करतो, तसेच हे. क्रमांक म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला शब्द. तो पाळला गेला की नाही, हे पडताळणे आपले काम.

वर्गात विचारून पाहा: २.१०, २.९.१ आणि २.२ हे आवृत्तिक्रमांक चढत्या क्रमाने कसे लावाल?