जुनी मोटारसायकल आणि दुसऱ्याचा दंड

२०२४ च्या सप्टेंबरात काही कामानिमित्त इंदूरला जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेथे छत्रीबागेत भाड्याच्या खोलीत राहतो व एका खाजगी इस्पितळात रात्रपाळीस काम करतो. त्याच्या आईने निघताना चटणीचा डबा आणि निरोप असे दोन्ही माझ्या स्वाधीन केले होते. तेव्हा त्यास भेटल्यावाचून परतणे शक्य नव्हते. होळकर राजघराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्र्यांवरून ह्या वस्तीस हे नाव पडले. मराठी घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि दुकानाच्या पायरीवर हिंदीत चाललेले बोलणे मध्येच मराठीत वळावे, असा अनुभव येथे वारंवार येतो. आपल्या गावाकडील मुलास परके वाटू नये अशीच ही जागा.

मुलाने गरम पोहे पुढे ठेवले. परंतु त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. थोड्या वेळाने त्याने एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"फादर, गाडी मी ऑगस्टात घेतली. मग मागच्या वर्षापासूनचा दंड माझ्या माथी कसा?"

हकीकत अशी. रात्रपाळी पहाटे सुटते, त्या वेळी वाहन मिळत नाही. म्हणून त्याने जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडून २८,००० रुपयांस एक मोटारसायकल घेतली. १४ ऑगस्टला पैसे दिले आणि गाडी ताब्यात घेतली. ३ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या वीस दिवसांत, ती स्वतःच्या नावे करण्यासाठी तो परिवहन कार्यालयात गेला. तेथे त्यास सांगण्यात आले की, अकरा महिन्यांच्या विलंबाचे ३,३०० रुपये आणि गाडीवर थकलेल्या तीन चलनांचे २,१०० रुपये आधी भरा, मग पुढचे बोला. एकूण ५,४०० रुपये, म्हणजे जवळजवळ पगाराचा तिसरा हिस्सा. त्या महिन्यात घरी पाठवावयाचे पैसे त्याने ह्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, आणि आईस काय सांगावे ह्या विवंचनेत तो होता. कार्यालय कोणते, दलाल कोण, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. असा प्रसंग आपल्या तालुक्याच्या गावीही घडतो.

मी कागद नीट पाहिले, तेव्हा गाठ कोठे बसली ते ध्यानात आले. गाडीचा मूळ मालक एक सेवानिवृत्त शिक्षक. त्यांनी २०२३ च्या सप्टेंबरात गाडी दलालास दिली आणि हस्तांतराच्या कागदांवर सह्या करून तारीख घातली. दलालाने ते कागद पेटीत ठेवून दिले. गिऱ्हाईक मिळेपर्यंत अकरा महिने गेले. गिऱ्हाईक आले तेव्हा त्याने तेच कागद पुढे केले, आणि आमच्या मुलाने, गाडी हाती येण्याच्या आनंदात, आपल्या बाजूच्या कोऱ्या फॉर्मवर सही ठोकली. कार्यालयातील माणसाने जुनी तारीख पाहिली व तेथपासून महिने मोजले. कोऱ्या कागदावर सही करणे ही मुलाची चूक होती, आणि तसे मी त्यास तोंडावर सांगितले.

परंतु चूक एवढीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते की, राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतराची वर्दी द्यावी. विकणाऱ्याचा तो फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. विलंब झाल्यास खटल्याऐवजी ठराविक रक्कम घेण्याची मुभा अधिकाऱ्यास आहे. पण ती प्रकरणाची परिस्थिती पाहून, आणि विकणारा अथवा घेणारा ह्यांपैकी ज्याचा विलंब असेल त्याच्याकडून. घेणाऱ्याचे ३० दिवस गाडी त्याने घेतली त्या दिवसापासून चालू होतात; ती कोणा तिसऱ्याच्या आवारात धूळ खात पडली होती त्या काळापासून नव्हे. मुलाचे वीस दिवसच झाले होते.

दलालांच्या ह्या मधल्या काळासाठी सरकारने नियमही केला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे, मालकाने गाडी त्याच्या हवाली केल्याची वर्दी फॉर्म २९ सी ने द्यावी, आणि तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत व्यापारी हाच तिचा मालक समजावा, असे ठरले. आमच्या दलालापाशी असले अधिकारपत्र नव्हते. मुलाने ते विचारलेही नव्हते. आपल्यापैकी कितीजण विचारतात?

शेजारच्या खोलीतील एका मित्राने मुलास निराळाच मंत्र दिला होता. उच्च न्यायालयाने विलंबशुल्क रद्द केले आहे, तेव्हा एक पैही भरू नकोस, असा. हे अर्धे खरे. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने नियमांत बदल करून हस्तांतराच्या विलंबास मोटारसायकलीमागे दरमहा ३०० रुपये जादा शुल्क लावले, आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, असे शुल्क लावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही म्हणून, ते रद्द ठरविले. परंतु २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका विलंबशुल्कास, म्हणजे रिक्षांसारख्या वाहनांच्या योग्यता-प्रमाणपत्रास उशीर झाल्यास दररोज ५० रुपये घेण्यास, हरकत नाही असा निर्णय दिला. न्यायालयांचे मत सर्वत्र एक नसताना, परप्रांतातील निकालाचे नाव घेऊन खिडकीवर हुज्जत घालणे मला शहाणपणाचे वाटले नाही. मुलाची बाजू त्याहून साधी व भक्कम होती. शुल्क असावे की नसावे हा प्रश्नच बाजूस ठेवा. विलंब त्याचा नव्हता.

तेव्हा आम्ही पोह्यांची बशी सरकवून अर्ज लिहावयास बसलो. एका पानाचा. गाडी कोणत्या दिवशी घेतली, कोणाकडून, किती रुपयांस, आणि अर्ज कोणत्या दिवशी केला. सोबत तीन पुरावे : दलालाची तारखेसह पावती, मोबाईलवरून त्याच्या खात्यात पैसे गेल्याची बँकेची नोंद, आणि विम्याचा कागद. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे. सुदैवाने मुलाने ते काम दुसऱ्याच आठवड्यात उरकले होते, आणि त्या कागदावरील तारखेने त्याच्या म्हणण्यास मोठे बळ आले. अर्जाच्या शेवटी मी एक वाक्य मुद्दाम घातले : 'ही विनंती मान्य नसल्यास कारणासह लेखी आदेश मिळावा.'

ह्या वाक्याचे कारण सांगतो. नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करण्याचा हक्क कलम ५७ ने दिला आहे, आणि त्याची मुदत आदेशाची सूचना मिळाल्यापासून ३० दिवस आहे. पण खिडकीतून तोंडी सांगितलेल्या आकड्याविरुद्ध अपील कसे करणार? त्यास ना तारीख, ना कारण, ना सही. आपली माणसे येथेच फसतात. आकडा ऐकतात, एक तर भांडतात नाही तर मुकाट्याने भरतात, आणि दोन्ही प्रकारांत हाती कागद राहत नाही.

थकलेल्या चलनांचा गुंता वेगळा होता. आजकाल चौकातील यंत्र गाडीच्या क्रमांकाचे चित्र घेते आणि सूचना जाते ती नोंदणीतील मालकाकडे. नवा मालक अंधारातच राहतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी गाडीचा क्रमांक सरकारी ई-चलनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. शिकलेल्या मुलीमुलांस हे दोन मिनिटांचे काम आहे. त्याच ठिकाणी चुकीच्या चलनाबद्दल पुराव्यासह तक्रारही नोंदविता येते. आम्ही तिन्ही चलने उघडली. तिन्हींच्या तारखा १४ ऑगस्टच्या आधीच्या. दोन तर शिक्षकांनी गाडी देण्याच्याही आधीची होती आणि एका चित्रात पांढऱ्या केसांचे गृहस्थ शिरस्त्राणाविना स्पष्ट दिसत होते. तिसरे २०२४ च्या फेब्रुवारीतले, म्हणजे गाडी दलालाच्या ताब्यात असतानाचे.

पुढील वृत्तान्त मुलाने फोनवर कळविला. अर्ज देऊन पोच घेतल्यावर त्यास दोन खेपा घालाव्या लागल्या, एक पगार बुडाला. तिसऱ्या वेळी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः कागद पाहिले, दहा मिनिटांत विषय समजून घेतला आणि विलंबाचे ३,३०० रुपये वगळले. शिक्षकांना त्याने नम्रपणे फोन केला, तेव्हा त्या सद्‌गृहस्थांना चलनांची वार्ताही नव्हती. त्यांनी आपल्या दोन चलनांचे १,६०० रुपये त्याच संध्याकाळी भरले. दलालाने मात्र हात वर केले. तिसऱ्या चलनाचे ५०० रुपये मुलाने स्वतःच भरले, कारण आणखी एक दिवसाची रजा त्याहून महाग पडली असती. हा अन्याय झाला खरा. मी त्यास दोष दिला नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रकार नेहमी आढळतो, तो ओघाने सांगतो. वडील वारतात आणि त्यांची गाडी मुलगा तशीच वर्षानुवर्षे चालवितो. वारसाने मृत्यूची व गाडी स्वतः वापरणार असल्याची वर्दी ३० दिवसांत द्यावी आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून ती नावे करून घ्यावी, असा नियम आहे. शोकाच्या दिवसांत हे कोणास सुचत नाही. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आठवण करावी.

आणि विकणाऱ्यास वाटते की, पैसे मिळाले, किल्ली दिली, आपण मोकळे झालो. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे नोंदणीत ज्याचे नाव तो. २००९ मधील एका अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. त्यातील मोटार पहिल्या मालकाने २००७ मध्येच विकली होती व त्यानंतर ती अनेक हातांतून फिरली होती. परंतु नोंदणी बदललेली नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निर्णय दिला की, मृताच्या व जखमीच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या, नोंदणीतील मालकाचीच. जखमी माणसाने गाडीच्या एकेका खरेदीदाराचा माग काढीत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयास मान्य नव्हती.

हा निकाल मी मुलास छत्रीबागेत समजावून देत होतो आणि बोलता बोलता माझाच घास घशात अडकला. सात वर्षांपूर्वी मी माझी जुनी मोटारसायकल शेजारच्या गावातील एका तरुणास विकली होती. ओळखीचा मुलगा, म्हणून ना पावती, ना फॉर्म. परत आल्यावर चौकशी केली, तो गाडी अद्याप माझ्याच नावावर. त्या तरुणास फोन लावला. त्याने सांगितले की, पुण्यास जाताना त्याने ती कोणा गवंड्यास दिली, आणि गवंड्याचा नंबर आता लागत नाही. फॉर्म २९ भरून मी कार्यालयात दिला आहे व पोच खिशात आहे. गवंड्याचा शोध चालू आहे.