नववीच्या वर्गातली रुग्णखाट

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या घरात दोन इंजिनिअर, एक वकील आणि एक शिक्षिका होती. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी लालसर डाग दिसला. आम्ही पावडर लावली. डागाची जखम झाली. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी जखम बघायच्या आधीच विचारलं, “कूस कोण बदलतं यांची?” कुणीच काही बोललं नाही.

पुढे काही वर्षांनी एका शाळेत जायचा योग आला. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत लोखंडी खाट, खाटेवर माणसाएवढा प्लास्टिकचा पुतळा, आणि नववीतले दोघं जण त्या पुतळ्याला कुशीवर वळवत होते. एकाचे हात खांद्यामागे, दुसऱ्याचे कमरेमागे, “एक, दोन, तीन” म्हणून एकदम. मग पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मधे उशी. “आता वेळ लिहा,” बाई म्हणाल्या. कूस बदलल्याची वेळ वहीत लिहिली गेली. आमच्याकडे तेव्हा अशी वही नव्हती.

या विषयाचं नाव आरोग्यसेवा. शाळेतल्या बोलण्यात ‘हेल्थकेअर’. महाराष्ट्राला तो अगदी नवा नाही. अकरावी-बारावीला १९८८-८९ पासून किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमसीव्हीसी, सुरू झालं आणि त्यात वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ असे अभ्यासक्रम आले. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यानंतर हा विषय नववी-दहावीपर्यंत खाली उतरला. त्याचा अभ्यासक्रम भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेत घडतो. आता शाळा आणि विद्यापीठं यांनी मिळून असे अभ्यासक्रम उभारावेत, अशी चर्चा जोरात आहे. ती व्हायलाच हवी. पण पालकसभेत आणि शिक्षकांच्या खोलीत जे कानावर येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

“मार्क कमी पडणाऱ्यांची सोय आहे ही”

हा समज सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत नुकसान करणारा. तो खोडायला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचं उदाहरण पुरेसं आहे. १९७२ मध्ये तिथल्या शाळामंडळानं बेलर वैद्यकीय महाविद्यालयाशी हातमिळवणी करून आरोग्यव्यवसायांसाठी वेगळं हायस्कूल काढलं. त्या वेळी बेलरचे अध्यक्ष होते मायकल डीबेकी, हृदयशस्त्रक्रियेतलं जगभर गाजलेलं नाव. विद्यार्थिदशेत असतानाच, १९३२ साली, त्यांनी रक्त पुढे ढकलणाऱ्या एका रोलर पंपाची रचना केली होती. पुढे हार्ट-लंग मशीनचा तो महत्त्वाचा भाग झाला. विशीतल्या पोराच्या हातून काय घडू शकतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

शाळेला पुढे त्यांचंच नाव मिळालं. २०१७ पासून ती टेक्सास मेडिकल सेंटर या अवाढव्य वैद्यकीय संकुलातच भरते. सरकारी शाळा आहे, पण प्रवेशासाठी चुरस असते. तिथली मुलं गणित-विज्ञान पूर्ण शिकतात, आणि जोडीला आरोग्यशास्त्राचे विषय व प्रत्यक्ष रुग्णालयातला अनुभव घेतात. काही पुढे डॉक्टर होतात, काही नर्स, काही संशोधक. काहींना आपलं मन यात नाही हे कळतं आणि ती दुसरीकडे जातात. सतराव्या वर्षी हे कळणं हासुद्धा मोठा लाभ आहे. आपल्याकडे तेच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला कळतं, आणि तोवर घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं.

आपल्याकडे व्यवसाय शिक्षणाला शाळेच्या इमारतीतही कोपऱ्यातली खोली मिळते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं दिलेला आकडा बोलका आहे: १९ ते २४ वयोगटातल्या काम करणाऱ्या भारतीयांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी. त्याच ठिकाणी अमेरिकेचा आकडा ५२, जर्मनीचा ७५ आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिला आहे. तिथल्या लोकांना हुशारी कमी म्हणून ते या वाटेनं गेले, असं कोण म्हणेल?

आणि हो, नववी-दहावीला हा विषय घेतल्यानं डॉक्टरकीची वाट बंद होत नाही. नीटसाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. शाखा निवडताना तेवढं पाहावं.

“इथून बाहेर पडला की नर्स होतो”

आधीच्या समजाचं हे दुसरं टोक, आणि यातून फसवणूक होते. या अभ्यासक्रमातून जी भूमिका शिकवली जाते तिचं नाव ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’, साध्या मराठीत रुग्ण सहायक. रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, रिकामी आणि रुग्णासह अशा दोन्ही प्रकारे खाट आवरणं, व्हीलचेअरवर बसवणं, ताप-नाडी-श्वास-रक्तदाब मोजून नोंदवणं, कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या की निळ्या डब्यात हे ओळखणं, ही त्याची कामं. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं ही नाहीत.

नर्स व्हायचं तर भारतीय परिचर्या परिषदेनं मान्य केलेलाच अभ्यासक्रम करावा लागतो: बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. एएनएमच्या प्रवेशनियमांत बारावीच्या आरोग्यसेवा व्यवसाय शाखेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पुढची पायरी आहे, पण ती चढावी लागते. प्रयोगशाळा किंवा क्ष-किरण तंत्रज्ञ यांसारख्या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला त्यात किमान २,००० तासांचं शिक्षण धरलं आहे, तेही दोन ते चार वर्षांत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तास. हे तास शाळेत बसत नाहीत, आणि ‘सहा महिन्यांत पॅरामेडिकल, नोकरीची हमी’ अशा पत्रकवाल्याच्या वर्गातही बसत नाहीत. एसटी स्टँडच्या भिंतीवर अशी पत्रकं मी पाहिली आहेत. शाळेत दोन वर्षं हा विषय शिकलेल्या मुलाला त्या पत्रकातली खोट तरी ओळखता यावी, इतकी माझी अपेक्षा आहे.

“विद्यापीठाचा शिक्का असला म्हणजे झालं”

इथे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळा खेळ याच समजावर चालतो. पालकांना वाटतं, प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव आलं म्हणजे अर्धी पदवी हातात. संस्थाचालकांना वाटतं, सामंजस्य करारावर सह्या झाल्या, फोटो छापून आला, काम झालं.

विद्यापीठ शाळेच्या मुलाला पदवी देत नाही. पदवी देण्याचा अधिकार १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानं बांधलेला आहे, आणि व्यवसायाचा परवाना त्या त्या परिषदेच्या हाती असतो. शाळा दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी मंडळाशीच जोडलेली राहते. शिवाय विद्यापीठ म्हणजे कोणतं, हेही पाहायला हवं. वैद्यकीय, परिचर्या, भौतिकोपचार अशी महाविद्यालयं महाराष्ट्रात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. जिल्ह्यातलं पारंपरिक विद्यापीठ ही जागा घेऊ शकत नाही. कौशल्य विद्यापीठाचं क्षेत्र आणखी वेगळं. शिक्का एकसारखा दिसला तरी त्यामागचा अधिकार एकसारखा नसतो.

मग विद्यापीठाची भागीदारी हवी कशाला? शाळेकडे ज्या गोष्टी नसतात, त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट शिक्षक. आपल्या शाळांमध्ये व्यवसाय विषयांचे प्रशिक्षक बहुतेक कंत्राटी असतात आणि खासगी प्रशिक्षण संस्थांमार्फत नेमले जातात. करार संपला की माणूस जातो, आणि खाटेवरचा पुतळा पुढचा माणूस येईपर्यंत चादरीखाली पडून राहतो. परिचर्या महाविद्यालयातल्या अध्यापिकेनं वर्षातून दोनदा या प्रशिक्षकांना आठवडाभर आपल्या वॉर्डात घेतलं, तर शाळेला जे मिळेल ते कोणत्याही शिक्क्यानं मिळणार नाही. वॉर्डमधली रीत बदलत असते. शाळेतल्या बाईंना ती पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत कळत नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाचा क्रम. शाळेतला माणूस पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुढे जातो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवणारी व्यक्ती उलट्या बाजूनं विचार करते: माझ्याकडे येणाऱ्या मुलीला काय यायला हवं होतं, आणि काय येत नाही? टक्केवारी, दशांश, मिलिलिटर-ग्रॅमचं गणित येत नाही. साधा अहवाल चार ओळींत लिहिता येत नाही. अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. हे कळलं की आरोग्यसेवेचा अभ्यासक्रम आखताना गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांनाही टेबलाशी बोलवावं लागतं. हे झालं नाही तर विषय वेळापत्रकात एकटाच राहतो.

तिसरी गोष्ट सरावाची खोली. हात धुणं हे त्यातलं सगळ्यांत साधं वाटणारं काम. एक प्रयोग असा: मुलांनी हातमोजे घालायचे, डोळे मिटायचे, तळहातावर साबणाऐवजी रंग घ्यायचा आणि नेहमीसारखे हात चोळायचे. डोळे उघडल्यावर रंग कुठे लागला नाही ते दिसतं. अंगठा कोरा. नखांची टोकं कोरी. बोटांच्या बेचक्या कोऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं साबणपाण्यानं हात धुण्याला ४० ते ६० सेकंद का सांगितले आहेत, हे त्या कोऱ्या अंगठ्याकडे पाहून जसं पटतं तसं भाषणानं पटत नाही. याला लागतो फक्त रंग आणि हातमोजे. पण रक्तदाब नीट मोजायला शिकवायचा तर चांगली यंत्रं लागतात, आणि पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला किंवा दंड हृदयाच्या पातळीला ठेवला नाही तर आकडा का चुकतो, हे सांगणारं माणूस लागतं. ते माणूस आणि ती यंत्रं वैद्यकीय महाविद्यालयाच्या सराव प्रयोगशाळेत आधीच असतात. आठवड्यातली एक दुपार शाळेला मिळाली तरी चालेल.

चौथी गोष्ट श्रेयांक. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळं शिक्षण एका मापानं मोजलं जातं: वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. व्यवसाय शिक्षणही याच मापात येतं. माप तयार आहे, पण पुढच्या संस्थेनं ते श्रेयांक स्वीकारल्याशिवाय मुलाच्या हाती काही पडत नाही. म्हणून सामंजस्य करारात एकच वाक्य मी आधी शोधतो: या शाळेतून हा विषय पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला तुमच्या कोणत्या अभ्यासक्रमात, किती श्रेयांकांची सूट मिळेल? हे वाक्य नसेल, तर बाकीची पानं कितीही गुळगुळीत असली तरी भागीदारी कागदावरच राहते.

बॉस्टनमध्ये १९९५ला नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या साथीनं आरोग्य कारकिर्दींची एक शाळा निघाली. ती विद्यापीठाच्या आवारातच भरायची. ज्या घरातून कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, तिथल्या मुलीनं रोज विद्यापीठाच्या फाटकातून आत जावं, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर डबा खावा, याचं मोल कोणत्या करारात लिहिणार?

“शाळकरी मुलांना दवाखान्यात कसं नेणार?”

ही भीती खरी आहे, तिला समज म्हणून झटकून टाकणं बरोबर नाही. पण दवाखान्यात नेणं म्हणजे कामाला जुंपणं नव्हे. नववी-दहावीची मुलं बघायला जातात. हात चालवायचा तो पुतळ्यावर आणि एकमेकांवर. मोठ्या वर्गातल्या मुलांना रुग्णाजवळ न्यायचं असेल तर आधी कावीळ-बीची लस पूर्ण हवी (सहा महिन्यांत तीन डोस, म्हणजे तयारी जूनमध्येच सुरू), सुईला हात लावायचा नाही ही शिस्त हवी, आणि वॉर्डात पाहिलेलं कुणाचंही नाव, कुणाचाही आजार घरी जाऊन सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठसलेलं हवं. गावात हे शेवटचं सगळ्यांत अवघड. खाटेवरचा माणूस बहुतेक वेळा वर्गातल्या कुणाचा तरी मामा असतो.

अमेरिकेत नर्सिंग होममधल्या सहायकाला १९८७च्या केंद्रीय कायद्यानं किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष सरावाचे. अनेक हायस्कुलं हे प्रशिक्षण देतात. आपल्याकडे या विषयाला वर्षाला साधारण २०० तास मिळतात. वेळ आहे, देखरेख करणारं माणूस हवं आहे.

“मुलींचा विषय आहे”

आजीला उचलून खुर्चीत बसवायला आम्हाला रोज शेजारचे काका लागायचे. आजोबांच्या वयाच्या माणसाला आंघोळ घालायला पुरुष लागतो, तो मिळत नाही म्हणून घराघरांत सुना आणि लेकी अवघडतात. इस्पितळात हे काम करणारे वॉर्डबॉय कित्येक पिढ्या आहेत. बहुतेकांना ते कुणी रीतसर शिकवलं नाही, बघून बघून आलं आणि पाठ धरली तेव्हा उचलायची पद्धत चुकत होती हे कळलं.

त्या शाळेत पुतळ्याला वळवणारे दोघंही मुलगेच होते. त्यांच्या वहीत वेळ लिहिली होती अकरा वीस. खाली, दुसऱ्या अक्षरात: पुढची कूस एक वीसला.