पाटी लावली, पण दार उघडले का?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील वाचनालयाची वेबसाईट सुरू झाली. शिष्यवृत्तीच्या तारखा, वसतिगृह प्रवेशाच्या सूचना, जातपडताळणीला लागणारी कागदपत्रे असे सारे तिच्यावर टाकायचे ठरले. दोन पोरांनी वर्डप्रेसवर आठवडाभरात ती उभी केली. उद्घाटन झाले, फोटो निघाले, टाळ्या पडल्या. महिन्याभराने बी.ए. करणारा एक दृष्टिहीन विद्यार्थी वाचनालयात आला आणि म्हणाला, "दादा, तुमची वेबसाईट मला एकदा ऐकायची आहे."

त्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू केले. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे हे स्क्रीन रीडर मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले. आमच्या वेबसाईटवर त्याने काय वाचले? "ग्राफिक. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा." शिष्यवृत्तीच्या जाहिरातीचा आम्ही मोबाईलवर फोटो काढून तो जसाच्या तसा चढवला होता. अर्जाची शेवटची तारीख त्या फोटोतच होती. डोळसांना ती दिसली, त्याला ऐकू आली नाही. तारीख तीन दिवसांपूर्वीच उलटून गेली होती.

आम्ही निरुत्तर झालो. ज्यांना पिढ्यानपिढ्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांनीच एक दार बांधले आणि आपल्याच भावाला बाहेर ठेवले. हेतू वाईट नव्हता. पण बाहेर राहिलेल्या माणसाला बांधणाऱ्याच्या हेतूचा काय उपयोग?

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कुणी समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग आहेत. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के आहे. सरकारने 'दिव्यांग' असे नवे नाव दिले. नाव बदलल्याने माणसाचे जगणे बदलत नाही, हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. हवा आहे तो हक्क.

हा हक्क कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा अपंगांना वापरता येईल अशी करावी, असे त्याचे कलम ४६ सांगते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. केवळ शिफारशीवजा नियम चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात केंद्राला बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात तर डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मग अडले कुठे? वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. प्रोग्रामिंग न शिकताही कुणालाही त्यांवर पान चढवता येते, हे त्यांचे मोठे काम. पण अशा यंत्रणेत साचा म्हणजे थीम एकच असते. थीममध्ये एक चूक असेल तर ती शेकडो पानांवर उमटते. उलट, तिथे एक दुरुस्ती केली की शेकडो पाने सुधारतात. म्हणून सुरुवात थीमपासून करावी. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात 'ॲक्सेसिबिलिटी-रेडी' अशी खूण असलेल्या थीम वेगळ्या काढून पाहता येतात. आम्ही सुंदर दिसणारी थीम घेतली होती, ती बदलली.

आमच्या सेटिंगमध्ये भाषा इंग्रजीच राहिली होती. त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहत होता. एका क्लिकने भाषा मराठी केली. निळा रंग आपला खरा, पण फिकट निळ्यावरची पांढरी अक्षरे अधू नजरेच्या आजोबांना दिसत नव्हती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक किमान ४.५ ला १ असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. निळा गडद केला. संपर्काच्या अर्जातील चौकटींना नावेच नव्हती, म्हणून कुठली चौकट नावाची आणि कुठली पत्त्याची हे ऐकणाऱ्याला कळत नव्हते. ती नावे दिली. मग माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने सारे पान फिरून पाहिले. जिथे अडकलो, तिथे हाताने माऊस धरू न शकणारा माणूसही अडकणार होता.

एवढे करून काम संपत नाही. थीम कितीही चांगली असली तरी रोज मजकूर टाकणारा हात चुकला की दार पुन्हा बंद. फोटो चढवताना पर्यायी मजकुराची रिकामी चौकट समोर येते, ती भरावी. मथळा नुसता ठळक न करता मथळा म्हणूनच नोंदवावा. 'येथे क्लिक करा' ऐवजी 'वसतिगृह अर्ज' असे लिहावे. मराठी युनिकोडमध्येच टाईप करावे, कारण जुन्या फाँटमधील मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजेही फोटोच. तिच्यातील मजकूर टाईप करून द्यावा.

काही जण सोपी वाट दाखवतात. एक प्लगइन टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह येईल, नियमांची पूर्तता झाली! ही फसवणूक आहे. अक्षर मोठे करणारे बटण फोटोतली तारीख वाचून दाखवत नाही. प्लगइनने कोणतीही वेबसाईट मानकांनुसार होते, असा खोटा दावा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. व्हीलचेअरचे चिन्ह ही पाटी आहे, दार नव्हे.

पाटी आणि दार यांतला फरक आपला समाज चांगला ओळखतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी कुणाला ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे स्वतः चालत तळ्यावर गेली, तेव्हा कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोहोचला. तो सत्याग्रह ज्यांचा वारसा आहे, त्यांनी प्रमाणपत्रावर समाधान मानावे काय?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आपल्या प्रत्येक संघटनेने, वाचनालयाने, महाविद्यालयाने आधी आपली वेबसाईट तपासावी, मग सरकारला जाब विचारावा. तपासणी अपंग माणसाकडूनच करून घ्यावी. नवी वेबसाईट आणताना दृष्टिहीनांना चाचणीत सामील करा, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या निकालात सांगितले आहे. आणि हे काम फुकट मागू नये. श्रमाचे मोल द्यावे.

तो विद्यार्थी आता दर महिन्याला आमची वेबसाईट तपासतो, त्याचे मानधन ठरले आहे. यंदाच्या शिष्यवृत्तीची सूचना त्यानेच टाईप करून चढवली. शेवटची तारीख पहिल्या ओळीत आहे. त्याने ती आधी स्वतः ऐकली, मग प्रसिद्ध केली.